छातीतली शिट्टी थांबली, तर?

दम्याचा त्रास वाढला की श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी ऐकू येते. ती वाजते कशी?

दम्यात लहान श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. फुग्याचं तोंड ताणून धरलं की बाहेर पडणारी हवा चिरकते, तसंच इथे होतं : अरुंद वाटेतून हवा जोरात निघते आणि नळीच्या भिंती थरथरतात. श्वास सोडताना नळ्या आणखी दबतात, म्हणून शिट्टी तेव्हा जास्त. याउलट श्वास घेताना घशातून कर्कश आवाज आला, तर अडथळा वर, स्वरयंत्राजवळ असू शकतो. तेव्हाही थांबू नका, तातडीने मदत मागवा.

आवाजासाठी हवा वाहावी लागते. म्हणून रुग्ण धापा टाकतोय, वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळसर दिसताहेत आणि शिट्टी मात्र थांबली, तर तो आराम समजू नका. हवा जवळजवळ अडली आहे. रुग्णाला आडवं न करता बसवा, डॉक्टरांनी दिलेला तातडीचा पंप द्या आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्ध हरपून श्वास थांबला किंवा नुसते आचके येऊ लागले, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायला सुरुवात करा.