दुकानाचं भाडं नेमकं कशाचं? पनवेलच्या जमिनीचा हिशोब



आज एका प्रश्नापासून सुरुवात करूया. आपल्या पनवेलच्या बॅचमध्ये करंजाडेच्या एक ताई आहेत. सहा वर्षांपासून पोळी-भाजी केंद्र चालवतात. पहाटे चारला उठायचं, साडेसहाला पहिले डबे तयार ठेवायचे. गिऱ्हाईक एकेक करून जमवलं. आता करार संपतोय आणि गाळ्याच्या मालकांनी भाडं १६ हजारांवरून थेट २२ हजार सांगितलं. कारण काय? "ताई, आता एअरपोर्ट सुरू झालंय."

ताई बॅचमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, पोळ्या मी लाटल्या. गिऱ्हाईक मी जमवलं. मालकांनी काय केलं? एक खिळा तरी ठोकला का? मग वाढीव सहा हजार कशाचे?"

सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. प्रश्न चुकीचा होता म्हणून नव्हे, तर त्याचं उत्तर द्यायला पनवेलचा पन्नास वर्षांचा इतिहास सांगावा लागतो म्हणून. तो कळला तर गाळा भाड्याने घ्यावा की विकत, हा तुमचाही निर्णय सोपा होईल.

जमिनीला किंमत कोण देतं?

जमीन कोणी कारखान्यात बनवत नाही. मग तिला किंमत येते कुठून? दोन ठिकाणांहून.

पहिलं म्हणजे कष्ट. आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा संप आठवा. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं चालला. कुळांचे भयंकर हाल झाले. पण खोतालाही एक गोष्ट कळली. जमीन कागदावर त्याची होती, पण नांगर धरणारा नसेल तर त्या कागदातून एक मूठ भातही निघत नाही. पुढे 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व कायद्यात आलं, त्यामागे चरीच्या शेतकऱ्यांची ही सहा वर्षं आहेत.

दुसरं ठिकाण म्हणजे शेजार. शहरातल्या जमिनीची बहुतेक किंमत इथून येते. पनवेलच बघा ना. एकेकाळी खाडीवरचं बंदर आणि घाटावर जाणाऱ्या वाटेवरचं गाव. आज मुंबई-पुणे रस्ता इथून जातो, कन्याकुमारीपर्यंत जाणारा ६६ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच सुरू होतो. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरपासून विमानं उडायला लागली.

यातली एकही गोष्ट करंजाडेच्या गाळामालकाने केलेली नाही. पण प्रत्येक गोष्टीनंतर त्याच्या गाळ्याची किंमत वाढली. आणि गंमत बघा, ताईंच्या केंद्रामुळेही ती थोडी वाढली! जिथे चांगली पोळी-भाजी मिळते तिथे भाडेकरू खोली शोधतात, शेजारी दूधवाला बसतो, मग किराणावाला येतो. म्हणजे ताईंनी स्वतःच्या कष्टाने स्वतःचंच भाडं वाढवलं.

हा मुद्दा १८७९ साली अमेरिकेतल्या हेन्री जॉर्ज यांनी मांडला होता. त्यांचं म्हणणं असं की माणसाच्या कष्टावर आणि त्याने बांधलेल्या इमारतीवर कर लावू नका. नुसत्या जमिनीचं मोल समाजामुळे वाढतं, त्यावर कर घ्या आणि तो समाजासाठी वापरा. त्यांचा विचार पटलेल्या एलिझाबेथ मॅगी यांनी एक पटावरचा खेळ तयार केला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जमीन ज्याच्या हातात तो श्रीमंत होतो आणि बाकीचे भाडं भरून कंगाल होतात, हे लोकांना दाखवावं, हा त्यांचा हेतू. त्याच खेळातून पुढे मोनोपॉली आला आणि आपण लहानपणी सुट्टीत खेळलेला 'व्यापार' त्याचाच भाऊबंद. धडा द्यायला काढलेला खेळ, आणि आपण त्यातून शिकलो काय? जागा घ्या, हॉटेल बांधा, भाडं वसूल करा!

पण थांबा, गाळामालक कोण आहे?

ताईंना मी विचारलं, "तुमचे मालक कोण?" त्या म्हणाल्या, "इथलेच, गाववाले. साडेबारा टक्क्यांत प्लॉट मिळाला होता, बिल्डरला दिला, त्यात हे दोन गाळे आले."

इथे गोष्ट बदलते.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईची गर्दी कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवायचं होतं. योजना हुशारीची होती. शेतजमीन शेतजमिनीच्या भावाने ताब्यात घ्यायची, तिथे रस्ते, पाणी, स्टेशन करायचं, मग वाढलेल्या भावाने भूखंड द्यायचे आणि त्या पैशातून पुढचं शहर उभारायचं. म्हणजे शेजारामुळे वाढलेली किंमत एकट्या मालकाच्या खिशात न जाता शहराच्या कामी यावी. कागदावर हेन्री जॉर्ज यांनाही आवडावी अशी!

मग चूक कुठे झाली? ज्यांची भातशेती आणि मिठागरं गेली, त्या ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांतल्या आगरी, कोळी, कराडी लोकांना फक्त शेताचा भाव मिळत होता. वाढीव किमतीत त्यांचा वाटा कुठेच नव्हता. शहर त्यांच्या शिवारात उभं राहणार आणि ते मात्र बाहेर.

जासईचे दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलमधून पाच वेळा आमदार झालेले. त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर कुठे हा हिशोब सरकारच्या गळी उतरला. १९९० पासून साडेबारा टक्के योजना आली. समजा तुमची १०० गुंठे जमीन गेली, तर त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड तुमच्या नावे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी काही भाग वजा होतो. अनेकांना तो प्लॉट हातात पडायला वर्षानुवर्षं लागली. पुढे विमानतळासाठी गावं हलवली तेव्हा साडेबावीस टक्के देण्याचं ठरलं. आता 'नैना' क्षेत्रात नगररचना योजनेतून मूळ मालकाकडे ४० टक्क्यांचा विकसित भूखंड राहतो.

साडेबारा, साडेबावीस, चाळीस. हे आकडे म्हणजे एकाच प्रश्नाची बदलत गेलेली उत्तरं आहेत. प्रश्न हाच, की सगळ्यांमुळे वाढलेल्या किमतीत कोणाचा किती वाटा?

म्हणून ताईंना म्हटलं, मालकांनी खिळा ठोकला नाही हे खरं. पण त्यांच्या वडिलांनी शेत दिलं आणि वाट्याला आले दोन गाळे. तुमचं भाडं हीच आता त्यांची भातशेती. ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण सर, म्हणून सहा हजार मी एकटीने का भरायचे?" हाही प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर कराराच्या टेबलावर मिळतं. तिथे आपण येणारच आहोत.

मग जमीन कोणाची असावी?

आपला शेजारचा तालुका पेण. तिथल्या गागोद्याला १८९५ साली विनोबा जन्मले. त्यांच्या मते जमीन हवा-पाण्यासारखी सगळ्यांची. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली. भूदान तिथून सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, सर, विनोबा थोर, पण आम्हाला धंदा करायचाय. बरं, मग धंद्याकडेच बघू. तळोजा एमआयडीसीत एवढे कारखाने आहेत. एमआयडीसी भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. सिडकोचे भूखंड वर्षानुवर्षं ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. सिंगापूरमध्ये बहुसंख्य लोक सरकारी गृहयोजनेच्या घरात राहतात, ती घरं ९९ वर्षांच्या पट्ट्यावर. म्हणजे खाली जमीन स्वतःची नसतानाही मोठमोठे धंदे उभे राहतात.

धंद्याला मालकीपेक्षा जास्त गरज असते ती खात्रीची. पाच वर्षं कोणी उठवणार नाही, भाडं किती वाढेल हे आधीच ठाऊक, आणि मी जे उभं केलं ते माझं. माझं स्वतःचं मत विचाराल तर, कष्टाची आणि बांधकामाची मालकी पक्की असावी. पण शेजारामुळे वाढलेल्या किमतीत गावाचा, शहराचा आणि ज्याची जमीन गेली त्याचा वाटा असलाच पाहिजे. तुमचं मत वेगळं असू शकतं. पण हिशोब करताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

आता तुमचा हिशोब

ताईंचा बेत होता गावची वाटणीची जमीन विकायची, दागिने गहाण टाकायचे आणि गाळाच विकत घ्यायचा. आम्ही फळ्यावर मांडलं.

समजा गाळा ४० लाखांचा. १० लाख स्वतःचे, ३० लाख कर्ज, दहा वर्षं, १० टक्के व्याज. हप्ता येतो साधारण ३९,६०० रुपये. मुद्रांक शुल्क, मेंटेनन्स, मालमत्ता कर वेगळा. भाडं मात्र २२ हजार. म्हणजे दरमहा १७,६०० रुपये जास्त, शिवाय खेळत्या भांडवलातले १० लाख भिंतीत अडकले. उद्या कणकेचा भाव वाढला, एखाद्या कंपनीने डब्यांचे पैसे दोन महिने थकवले, तर भिंत विकून पीठ आणता येत नाही.

विकत घेणं वाईट नाही. पण तो दुसरा धंदा आहे, जमिनीच्या भावावरची पैज. ती लावायची तर पोळी-भाजीच्या पैशातून नको. धंद्याची सहा महिन्यांची सोय बाजूला ठेवून जे उरेल त्यातून करा.

लिहून घ्या:

१. करार लांबचा करा. दर ११ महिन्यांनी नूतनीकरण म्हणजे दर ११ महिन्यांनी टांगती तलवार. ३६ किंवा ६० महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार मागा आणि दरवर्षीची वाढ आधीच लिहून घ्या. मुदतीच्या आत मालकाने उठवू नये हे कलमही घाला.

२. करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

३. भाड्याचे दोन भाग करून बघा. रस्त्यावरून येणारं गिऱ्हाईक किती आणि तुमचं नाव ऐकून येणारं किती? ताईंचे ७० टक्के डबे घरपोच जातात. मग स्वयंपाकघर आतल्या गल्लीत चालेल, मोक्याचा गाळा कशाला?

४. विकत घेताना कागद आधी, जागा नंतर. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' वाचा, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते बघा. सिडकोचा भूखंड असेल तर पट्ट्याची किती वर्षं उरली आणि हस्तांतरणाला किती शुल्क लागतं ते सिडकोतच विचारा. शेतजमीन असेल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला ती सहजासहजी घेता येत नाही. "एअरपोर्टपासून दहा मिनिटं" हा कागद नव्हे, जाहिरात आहे.

५. सोबत नेता येईल ते कमवा. गिऱ्हाईकांची यादी, चव, वेळेवर डबा. जागा बदलली तरी हे तुमच्याबरोबर येतं.

ताईंचं काय झालं?

ताई मालकांकडे गेल्या. भांडायला नाही, हिशोब घेऊन. सहा वर्षांत एकदाही भाडं थकलं नाही हे दाखवलं. गाळा तीन महिने रिकामा राहिला तर किती नुकसान होईल तेही मांडलं. ठरलं ते असं: पाच वर्षांचा नोंदणीकृत करार, सुरुवात १९ हजारांनी, दरवर्षी ५ टक्के वाढ. गावची जमीन विकली नाही. दागिने घरातच आहेत.

निघताना मालकांच्या आई म्हणाल्या, "आमचं शेत होतं तिथे आता विमान उतरतंय. तू तरी तुझं गावचं विकू नकोस गो."

तर मित्रांनो, आज संध्याकाळी वही घ्या. तुमच्या जागेची किंमत कोणी वाढवली, त्यात तुमचा वाटा किती, आणि करार संपायला महिने किती उरलेत, या तीन ओळी लिहा. करार संपायला सहा महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर उद्याच मालकांशी बोला.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.