गोधडी घ्या, स्टुडिओ करा!

शुक्रवारी ऑफिस सुटलं की स्वारगेटला बारामतीची एसटी पकडायची. सॅकमध्ये लॅपटॉप, माइक आणि ऑडिओ इंटरफेस. या वीकेंडला गावच्या रिकाम्या खोलीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्याच! प्लॅन एकदम सही. पण हेडफोन लावून ऐकलं तर काय, आजी जणू बाथरूममध्ये बसून गातेय. लगेच महागडा माइक शोधायला निघू नका. दोष खोलीचा आहे.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा झणझणाट आला, तर समजा की आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये चेंडूसारखा टप्पे खातोय. प्लॅस्टरच्या भिंती, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. बारामती असो की इंदापूर, नव्या घरातल्या रिकाम्या खोलीची हीच गत.

यावरचा इलाज जुनाच आहे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका लेक्चर हॉलमध्ये उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकानं रात्री जागून जवळच्या थिएटरमधल्या गाद्या तिथे आणून मांडल्या आणि घुमणं मोजलं. जितक्या गाद्या जास्त, तितकं घुमणं कमी! आणि गाद्या-गोधड्यांची आपल्या घरात काय कमी?

मग हे करून बघा :

• गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना कापसाची गादी किंवा दुहेरी-तिहेरी गोधडी, घोंगडी टांगा. भिंतीला चिकटवू नका, चार-सहा इंच जागा सोडा. खाली सतरंजी हवीच.

• गोधडी वरचे स्वर शोषते, ढोलकी-तबल्याचा घुमारा नाही. दहा फुटी खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज हमखास फुगतो. त्यासाठी चार इंची रॉकवूलचे पॅनल कापडात नीट गुंडाळून कोपऱ्यांत तिरके उभे करा. रॉकवूल उघडं ठेवाल तर खाजवत बसाल.

• अंड्यांचे ट्रे? विसरा. खर्जाला ते काहीच करत नाहीत आणि बाहेरचा आवाजही अडवत नाहीत. पॅकिंगचा स्वस्त फोमही नको, तो झटकन पेट घेतो.

• गाद्यांनी आतला आवाज सुधारतो, बाहेरचा थांबत नाही. त्याला जाड भिंती आणि दार-खिडकीच्या बंद फटी लागतात. म्हणजे गळीत हंगामात गाणी वाजवत जाणारा उसाचा ट्रॅक्टर तुमच्या ट्रॅकमध्ये येणारच. त्यापेक्षा पहाटेची वेळ धरा. पंखा मात्र बंद!

एवढा खटाटोप कशासाठी? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तरीही तुमच्या आजीची एखादी ओवी त्यात नसेल. घुमारा नंतर एका क्लिकवर घालता येतो, पण एकदा रेकॉर्ड झालेला काढणं जाम कठीण. सॉफ्टवेअर तो थोडा पुसतं, पण सोबत आवाजही खरवडतं.

रीटेक? आपण कितीही देऊ. आजी पुढच्या दिवाळीला याच दमानं गाईल, याची गॅरंटी कोण देणार? तेव्हा या शनिवारी माळ्यावरच्या गोधड्या आधी खाली काढा. आणि हो, आजीला विचारून!