पैनगंगा ते येडशी : अभयारण्यांच्या डोंगराळ वाटांवरील सायकलमार्ग

नांदेड आणि लातूर ही शहरे डोंगराळ प्रदेशासाठी ओळखली जात नसली, तरी दोन्ही ठिकाणांहून सायकलने दिवसभराच्या पल्ल्यात एकेक डोंगराळ अभयारण्य गाठता येते. नांदेडच्या ईशान्येस, नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या भूभागात पैनगंगा अभयारण्य पसरले आहे. लातूरच्या पश्चिमेस, धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या कडेला येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. पहिल्याचा विस्तार सुमारे सव्वातीनशे चौरस किलोमीटर आणि दुसऱ्याचा अवघा 22 चौरस किलोमीटरांच्या आसपास असला, तरी सायकलमार्गाच्या दृष्टीने दोहोंचा स्वभाव सारखाच आहे. येथील डोंगर फार उंच नसल्यामुळे मार्ग अवघड होतो तो चढांपेक्षा अंतर, ऊन आणि विरळ वस्ती यांमुळे. आणि कोठून, कोणत्या वेळी जावे हे सायकलस्वाराच्या हौसेपेक्षा कायद्यावर व वन्यप्राण्यांच्या दिनक्रमावर अवलंबून राहते.

लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटर उंचीवर वसले आहे, तर गोदाकाठच्या नांदेडची उंची 360 मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे अहमदपूर व लोहा या मार्गाने लातूरहून नांदेडला येताना एकंदरीत पावणेतीनशे मीटर खाली उतरावे लागते, पण हा उतार सव्वाशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर विखुरलेला असल्याने पायांना तो जवळजवळ जाणवत नाही. समोरून वारा असेल तर तो चढासारखाच भासतो. खरे चढ लागतात ते पठार जेथे तुटते तेथे आणि नांदेडच्या ईशान्येकडील डोंगररांगांत. दख्खनच्या पठाराचा बराच भाग लाव्हारसाचे थर एकावर एक साचून घडला असून, कठीण थर टिकून राहिल्याने व मऊ थर झिजल्याने डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे. अशा डोंगरातून जाणारा रस्ताही त्याच घडणीचा असतो : बराच वेळ सपाट माळ, मग एखाद-दोन किलोमीटरांचा चढ, आणि पुन्हा सपाटी.

चढाची तीव्रता टक्क्यांत मोजतात. आडव्या अंतरात 100 मीटर पुढे जाताना रस्ता सहा मीटर वर चढला, तर तो सहा टक्क्यांचा चढ होय. सायकल, सामान व स्वार मिळून 85 किलो वजन धरले, तर अशा चढावर ताशी नऊ किलोमीटर वेग राखण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करायलाच सुमारे 125 वॉट शक्ती सतत लागते. सपाट रस्त्यावर मुख्य अडथळा हवेचा असतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तेथे वेग कमी केला की श्रम झपाट्याने घटतात. चढावर मात्र वजन तेवढेच उचलावे लागत असल्यामुळे सावकाश गेल्याने एकूण काम फारसे कमी होत नाही, ते फक्त अधिक वेळात विभागले जाते. गिअरचा उपयोग येथेच होतो. पुढच्या चेनव्हीलला 34 आणि मागच्या फ्रीव्हीलला 32 दाते असले, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सव्वादोन मीटरांच्या आसपास सरकते. 50 व 11 दात्यांच्या जोडीने तीच फेरी साडेनऊ मीटर नेते. सामान लादून डोंगराळ भागात जाणाऱ्याच्या सायकलीत पहिल्या प्रकारची हलकी जोडी असणे वेगवान जोडीपेक्षा अधिक गरजेचे ठरते.

नांदेडहून निघणारा मुख्य मार्ग भोकर, हिमायतनगर व इस्लापूर या गावांवरून किनवटला आणि तेथून सारखणीमार्गे माहूरला जातो. हिमायतनगरपर्यंत शेतीचा मुलूख असतो. पुढे सागाचे जंगल सुरू होते आणि मोह, पळस, ऐन, धावडा, तेंदू ही पानझडी वनातली झाडे रस्त्यालगत दिसू लागतात. इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या कातळावरून अनेक धारांनी कोसळते. हाच सहस्रकुंड धबधबा असून नदीच्या अलीकडे मराठवाडा आणि पलीकडे विदर्भ आहे. किनवट तालुक्यात गोंड, कोलाम, प्रधान, आंध या आदिवासी जमातींची गावे आणि बंजारा समाजाचे तांडे आहेत. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग हिमायतनगर, सहस्रकुंड व किनवट या स्थानकांवरून जातो, त्यामुळे एका बाजूचा प्रवास रेल्वेने करण्याची सोय आहे. माहूरला रेणुकामातेचे मंदिर, दत्तशिखर व अनसूया शिखर अशा तीन टेकड्या असून, दत्तशिखराकडे जाणारा वळणावळणांचा रस्ता या मार्गावरचा सर्वांत स्पष्ट घाटचढ आहे. परतताना महागाव, उमरखेड, हदगाव व अर्धापूर या मार्गाने फेरा पूर्ण केल्यास अंतर तीनशे किलोमीटरांच्या वर जाते. रँडोनिअरिंग, म्हणजे ठरलेल्या वेळेत, बाहेरची मदत न घेता लांब पल्ला पार करण्याचा सायकलप्रकार, यात 300 किलोमीटरांसाठी 20 तासांची मुदत असते. पण त्या मुदतीत हा फेरा करायचा तर काही भाग अंधारात कापावा लागेल, आणि जंगलपट्ट्यात नेमके तेच टाळायला हवे. म्हणून किनवट किंवा माहूर येथे मुक्काम ठेवून दोन-तीन दिवसांत विभागलेला मार्गच योग्य ठरतो.

वर वर्णिलेला रस्ता बराचसा अभयारण्याच्या कडेने जातो. प्रत्यक्ष आतून जाणारे रस्ते नदीपलीकडे उमरखेड तालुक्यात आहेत आणि ज्या गावांना ते जोडतात, त्या परिसराला लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध असले, तरी सार्वजनिक महामार्गावरून ते पार करणाऱ्या व्यक्तीला त्यातून सूट आहे. ही सूट रस्त्यापुरतीच आहे. रस्ता सोडून जंगलवाटेवर सायकल न्यायची असेल, तर वनविभागाचा परवाना लागतो, आणि तो पर्यटन, छायाचित्रण, संशोधन अशा ठरावीक कारणांसाठीच कलम 28 खाली मिळतो. त्यामुळे या भागातील सायकलमार्ग म्हणजे स्वतंत्र वाट नसून गावकऱ्यांच्या रोजच्या वापराचा डांबरी रस्ताच होय.

सायकल धूर सोडत नाही व आवाज करत नाही, म्हणून ती वन्यजीवांना सर्वांत कमी त्रासदायक मानली जाते. पण निःशब्दतेचा एक धोकाही आहे. अस्वलाची नजर व श्रवण बेताचे असते आणि अचानक समोरासमोर आल्यावर ते हल्ला करण्याचा संभव अधिक असतो. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली की ती खायला अस्वले पहाटे येतात आणि त्याच वेळी फुले वेचायला माणसेही जंगलात असतात. म्हणून दाट झाडीच्या वळणांवर घंटी वाजवत किंवा बोलत जाणे, आणि सूर्योदयानंतर निघून सूर्यास्तापूर्वी जंगलपट्टा ओलांडणे, हे दोन नियम कटाक्षाने पाळावेत. उतारावर वेगात असताना रोही किंवा रानडुक्कर आडवे आल्यास सायकलस्वाराला कोणतेही संरक्षण नसते, हे दुसरे कारण. अंधारातील वाहतूक प्राण्यांना किती घातक ठरते हे ओळखूनच कर्नाटकातील बंदीपूरच्या महामार्गावर 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंदी आहे.

लातूरकरांसाठी जवळचा मार्ग मुरूड व ढोकीवरून येडशीला जातो. तो बराचसा पठारावरून जात असल्याने सोपा वाटतो, पण येडशीजवळ पठाराची कड लागते आणि पुढे बार्शीच्या दिशेने रस्ता घाट उतरू लागतो. म्हणजे येथे अवघड भाग परतीच्या प्रवासात येतो, आणि पाणी व ताकद त्यासाठी राखून ठेवावी लागते. अभयारण्यातील दरीत रामलिंगाचे देऊळ आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी याच परिसरातून लातूरला जात असे. रेल्वेला तीव्र चढ पेलत नाहीत, म्हणून तिचे आखणीकार दऱ्याखोऱ्यांच्या कलाने वळसे घेत सौम्य वाट शोधतात. सायकलमार्ग आखणाऱ्यालाही जवळच्या सरळ रस्त्यापेक्षा अशी लांबची वाट पुष्कळदा अधिक सोयीची पडते. याच छोट्या अभयारण्यात डिसेंबर 2024 मध्ये कॅमेऱ्याने एक वाघ टिपला आणि अंगावरील पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आल्याचे निष्पन्न झाले. मराठवाड्यातील शेते, माळराने व झुडपी जंगले ही प्राण्यांची ये-जा करण्याची वाट आहे, याचा हा ठसठशीत पुरावा होय. म्हणूनच फलकापुढे अभयारण्य संपले तरी सावधगिरी संपत नाही.

दोन्ही मार्गांसाठी पावसाळा ओसरल्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम असतो, कारण नंतर दुपारचे ऊन असह्य होते आणि पानगळीमुळे सावलीही उरत नाही. मात्र याच काळात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ता व्यापतात. मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली अंधारात सायकलस्वाराला दिसत नाही. माहूरला शारदीय नवरात्र, दत्तजयंती आणि राखी पौर्णिमेची परिक्रमा यात्रा या दिवसांत घाटरस्ता भाविकांनी व वाहनांनी भरून जातो, तेव्हा सायकलफेरी टाळणेच बरे.

या मार्गांना खर्चिक स्वतंत्र पथांची गरज नाही. चढाची टक्केवारी व लांबी सांगणारे फलक, पुढचे पिण्याचे पाणी किती अंतरावर आहे याची नोंद, जंगलपट्ट्यात प्रवासाच्या वेळेची सूचना आणि घाटातील वळणांवर खडी साचू न देणारी देखभाल, एवढे सार्वजनिक बांधकाम विभाग व वनविभाग यांनी मिळून केले तरी पुरेसे होईल. मोटारीतून जाणारा प्रवासी इस्लापूर किंवा सारखणीला क्वचितच थांबतो. सायकलस्वाराला मात्र दर वीस-पंचवीस किलोमीटरांवर पाणी, चहा व जेवण लागते, त्यामुळे त्याचा खर्च त्या-त्या गावातच होतो. अभयारण्याच्या निर्बंधांचा भार ज्या गावांनी सोसला, त्यांच्यापर्यंत पर्यटनाचा पैसा पोहोचवणारे याहून साधे साधन या भागात सध्या तरी दुसरे दिसत नाही.