कामणदुर्ग : किनाऱ्याजवळचा आहे, म्हणून सोपा नाही

वटारच्या वाड्यांमधून पूर्वेकडे पाहिलं की तुंगारेश्वर-कामणची डोंगररांग दिसते. रोज दिसणाऱ्या डोंगराचा धाक वाटत नाही. त्यामुळे वसई-विरार पट्ट्यातली तरुण पोरं दिवाळी उलटली की गट जमवतात आणि पाण्याच्या एकेका बाटलीवर कामणदुर्गाला निघतात. या डोंगराबद्दल आपल्याकडे जे समज पक्के झालेत, ते एकदा तपासून घेऊ.

पहिला समज उंचीचा. ‘कळसूबाई 1646 मीटर, हा जेमतेम साडेसहाशे. यात काय अवघड?’ आकडे बरोबर आहेत, हिशेब चुकतो. कळसूबाईची चढाई ज्या बारी गावातून सुरू होते, ते गाव मुळातच बऱ्याच उंचीवर आहे. कामणचा पायथा मात्र खाडीकाठच्या सखल भागात. म्हणजे गडाची जवळजवळ सगळी उंची आपल्याच पायांनी चढायची. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण 620 मीटरवर आहे. तेव्हा किनाऱ्यावरून लोणावळ्याइतकं वर जायचं, तेही रानवाटेने आणि एका दमात, असा हा मामला आहे. पहाटे निघालात तरी चढून उतरायला सगळा दिवस धरून ठेवावा.

‘जंगल आहे, सावलीत ऊन लागत नाही’ हा समज सर्वात घातक. हे रान पानगळीचं आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला साग आणि इतर झाडं उघडी पडतात आणि सावलीच उरत नाही. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात सावली असते, पण हवा दमट. अंगाला गारवा घाम येण्याने मिळत नाही, तो वाळण्याने मिळतो. समुद्राजवळच्या दमट हवेत, त्यातही वारा अडवणाऱ्या झाडीत, घाम वाळत नाही. कपडे चिंब होतात आणि शरीर आतून तापतच राहतं. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे ही सुरुवात असते. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. तिथेच सावलीत आडवं करायचं, अंग ओलं करून वारा घालायचा आणि मदत बोलवायची. माणशी किमान तीन-चार लिटर पाणी आणि मीठ-साखर जवळ हवीच. गडमाथ्यावर कातळात खोदलेली टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर बाटल्या कमी करू नयेत.

‘मोबाइलमध्ये वाट आहे, वाटाड्याचे पैसे कशाला?’ असंही सर्रास ऐकू येतं. या रानात गडाची वाट एक आणि तिला फुटणाऱ्या ढोरवाटा, लाकूडफाट्याच्या वाटा कितीतरी. पावसाळ्यात कारवी आणि गवत माणसाच्या डोक्यावर जातं, तेव्हा फेब्रुवारीत नोंदवलेली वाट पडद्यावर दिसते, पायाखाली सापडत नाही. पायथ्याच्या पाड्यांवरचे लोक याच रानात वाढलेले असतात. वाटाड्या पुढे कोयत्याने फांदी छाटतो ती नुसती वाट मोकळी करायला नव्हे, उतरताना तीच खूण कामी येते. पाचोळ्याखाली घसारा कुठे आहे, हेही तो आधी सांगतो.

बिबट्याचं भय मात्र फुगवलेलं आहे. या रांगेचा मोठा भाग 2003 पासून तुंगारेश्वर अभयारण्यात मोडतो आणि इथे बिबट्या आहे. पण दिवसा बोलत चाललेल्या गटाला तो सहसा टाळतो. जपायचं ते सापांपासून. दंश झाला की वर घट्ट आवळून बांधायचं, चिरा देऊन रक्त काढायचं, हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की शिकलेली माणसंही तेच करतात. आवळल्याने रक्तपुरवठा तुटून अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते. चिरा दिल्याने विष निघत नाही, जखम मात्र वाढते. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा. हाडाला मार लागल्यावर बांधतो तसा, काठीच्या आधाराने हात-पाय स्थिर ठेवा. माणसाला चालवू नका, उचलून खाली आणा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच प्रतिविष लस आपल्याकडे वापरतात. त्यामुळे साप मारून सोबत न्यायची काहीच गरज नाही.

आणखी एक. ‘डोंगर आपलाच, परवानगी कसली?’ वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा आहे आणि अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. रात्री शेकोटी करून राहण्याचे बेत तर सोडूनच द्यावेत.

जाणार असाल तर थंडीत जा, पाड्यावरचा वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. तो ‘आता मागे फिरूया’ म्हणाला, तर माथा समोर दिसत असला तरी फिरा.