परसबागेची माती आणि खोटी लाज

'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात प्रसिद्धच आहे, आणि व्यापाराच्या दृष्टीने ती खोटी ठरविण्याचे आमच्या मनात मुळीच नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच शहरी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, व १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्या गावाने दूरदूरच्या शेतांस बी पुरविले, त्या गावाच्या आसपासच्या परसांत भेंडीची चार झाडे नीट का वाढू नयेत, हा प्रश्न विचारल्यावाचून मात्र आम्हांस राहवत नाही. नुसते बी उत्तम असून भागत नाही. ते जिच्या पोटी पडावयाचे ती माती सकस पाहिजे.

या जिल्ह्याची जमीन काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली आहे. सखल भागातील खोल काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन मुळे गुदमरविते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उतारावरची मुरमाड जमीन तर पाणीही धरीत नाही व खतही धरीत नाही. सेंद्रिय अंश थोडा आणि पुष्कळ ठिकाणी चुनखडी फार, हा दोष दोहींकडे आढळतो. चुनखडीमुळे जमिनीत असलेले लोहसुद्धा मुळांस मिळत नाही, आणि कोवळी पाने शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून पिवळी पडतात. अशा वेळी युरियाची मूठ टाकणे म्हणजे आजार एक आणि औषध दुसरेच, असा प्रकार होय.

मग उपाय कोणता? तो नवा नाही व महागही नाही. माती तपासून घ्यावी. भाजीपाल्यास हेक्टरी २० ते २५ टन कुजलेले शेणखत लागते. म्हणजे एका गुंठ्यास २०० ते २५० किलो पुरे. पावसाच्या आरंभी ताग पेरून दीड महिन्याने, फुलावर येण्यापूर्वी, जागीच गाडावा. भारी काळ्या जमिनीत गादीवाफे करावे, म्हणजे पाणी तुंबत नाही. मुरमाड जमिनीत तळ्याचा गाळ पसरावा. परंतु काळ्या चिकट जमिनीत तोच गाळ घातल्यास चिकटपणा वाढेल, हे विसरू नये.

गाळाविषयी तर जालनेकरांस आम्ही सांगावे असे काहीच नाही. निजामी राजवटीत बांधलेल्या घाणेवाडी तलावातील गाळ लोकांनी पुढाकार घेऊन काढला व शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला, हे सर्वांनी पाहिले आहे. २०१७ साली सरकारनेही 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. पावसाबरोबर शेताचे सत्त्व वाहून जाते, यास्तव बांधबंधारे घालून ते अडवावे, असे जोतीराव फुले यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात बजाविले होते. परंतु एक गोष्ट आम्हांस बोचते. गाळ फुकट मिळाला तरी वाहतूक फुकट नसते. ज्याच्या दारी ट्रॅक्टर आहे त्याच्याच शेतात तो पडतो. जिच्यापाशी घरामागची अर्धा गुंठा मुरमाड जागा तेवढी आहे, त्या मोलकरणीच्या वाट्यास एक टोपलीही येत नाही. ज्या घरी भाजी विकत घेणे कठीण, त्याच घराची माती अशी उपाशी राहावी, हा कोणता न्याय?

कित्येक म्हणतील की, शेणाच्या गोवऱ्या न लावाव्या तर गरिबाने चूल कशी पेटवावी? ही अडचण खरी आहे, आणि तिला उत्तरही आहे. पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, ज्यांस लोक नाडेपकाका म्हणत, त्यांनी विटांचे जाळीदार टाके योजिले. ते १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. त्यात पालापाचोळा, काडीकचरा आणि माती यांचे थर रचून अवघे १०० किलो शेण वापरले, तरी तीन-चार महिन्यांत कित्येक पट खत तयार होते. एका घरास टाके परवडत नसेल तर दहा घरांनी मिळून बांधावे.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य होय. उकिरड्यास हात लावणे हलक्यांचे काम, ही समजूत आमच्या हाडीमाशी खिळलेली आहे. भाजीचे देठ व शिळे अन्न आम्ही नाल्यात लोटतो, आणि ते उचलणाऱ्यास कमी लेखतो. ज्या खतातून आपले अन्न उगवते, ते हाताळणारा हात हलका कसा? ही खोटी लाज गेल्यावाचून कोणतीही योजना गावात रुजणार नाही.

आमची ग्रामपंचायतींस विनंती एवढीच की, प्रत्येक वस्तीत एक सामाईक खताचे टाके बांधावे, आणि गाळ वाटताना पहिली खेप भूमिहीनांच्या परसबागांस द्यावी. सुशिक्षित वाचकांनी उद्या सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरातील ओला कचरा स्वतःच्या हाताने खड्ड्यात टाकावा. पाळणा सोन्याचा असला म्हणून मुलाचे पोट भरत नाही. ते भरावयाचे तर पाळण्याखालची माती आधी सुधारली पाहिजे.