बाळंतपणाच्या पिशवीत ब्लेड नको



कन्नडमधल्या एका वस्तीत आम्ही गरोदर मातांच्या बैठकीला गेलो होतो. नववा महिना लागलेल्या एका ताईने दवाखान्यात न्यायची पिशवी भरून ठेवली होती. काही राहिले तर नाही ना, म्हणून आम्ही ती सगळ्यांसमोर उघडायला सांगितली. धुतलेली जुनी सुती लुगडी, दोन गाऊन, पॅड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, माता व बाल संरक्षण कार्ड, आणि तळाशी कागदात गुंडाळलेले एक ब्लेड.

"हे कशाला?" आम्ही विचारले.

ताईने मान खाली घातली. उत्तर तिच्या सासूबाईंनी दिले. "साफ करायला, सिस्टर. केस तसेच ठेवून गेलं तर तिथल्या बाया बोलतात. मागं थोरल्या सुनेला लई बोलल्या. म्हणून हिला म्हणलं, घरूनच करून जाय."

बैठकीतल्या निम्म्या बायांनी माना डोलावल्या. मग एकजण हळूच बोलली. तिने मागच्या बाळंतपणाआधी नवऱ्याच्या दाढीच्या ब्लेडने स्वतःच केस काढले होते. पोट एवढे पुढे आलेले की खालचे काही दिसत नव्हते, हाताने चाचपत ब्लेड फिरवले. दोन ठिकाणी कापले. चार दिवसांनी तिथे गळू झाले, आणि त्यातच कळा सुरू झाल्या. बाळंत झाल्यावर आठ दिवस तिला नीट बसून बाळाला पाजता आले नाही. का, ते तिने सासूलाही सांगितले नाही आणि डॉक्टरलाही नाही. लाज वाटली.

ज्या गोष्टीची लाज वाटते, ती याच पानावर बोलली पाहिजे. म्हणून या वेळी गरोदरपणातल्या केसांबद्दल.

ते ब्लेड पिशवीत आले कुठून?

दोन वाटांनी आले. पहिली वाट जुन्या घरगुती बाळंतपणाची. दाई यायची तेव्हा नाळ कापायला नवे कोरे ब्लेड लागायचे. ते योग्यच होते, जुन्या विळ्याने नाळ कापून धनुर्वात झालेली बाळे आपल्या आयांनी पाहिली आहेत. पण आता बाळंतपण दवाखान्यात होते आणि नाळ कापायचे निर्जंतुक साधन तिथलेच असते. त्यासाठी घरून ब्लेड न्यायचे कारण उरले नाही.

दुसरी वाट दवाखान्याची, आणि इथे आम्ही आमचीच चूक कबूल करतो. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करत होतो तेव्हा प्रसूती कक्षात आलेल्या प्रत्येक बाईची 'पार्ट प्रिपरेशन' करायची असे शिकवले जायचे. म्हणजे खालचे सगळे केस रेझरने काढायचे. बाई कळांनी तळमळत असायची आणि आम्ही सांगायचो, "पाय हलवू नका, लागेल." केस असलेली बाई आली की आमच्यातल्या कोणीतरी टोमणा मारायचेच. का काढायचे, असे आम्ही कधी विचारले नाही. वरून चालत आले होते, म्हणून आम्ही चालवले.

शास्त्र काय सांगते?

केस काढल्याने बाळंतिणीला जंतुसंसर्ग होत नाही, हा समज तपासला गेला आहे, आणि तोही शंभर वर्षांपूर्वीपासून. अमेरिकेत 1922 आणि 1965 मध्ये, थायलंडमध्ये 2005 मध्ये असे तीन अभ्यास झाले. तिन्ही मिळून 1039 बाया होत्या. काहींचे केस काढले, काहींचे फक्त लांब केस कापले. ताप आणि जंतुसंसर्ग यांत केस काढलेल्या बायांना काही फायदा झाल्याचे दिसले नाही. उलट ओरखडे, लाली, आग आणि केस परत येताना होणारी खाज मात्र वाट्याला आली.

कारण समजायला सोपे आहे. ब्लेड केसाबरोबर कातडीचा वरचा पातळ थरही खरवडते. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. कातडी शाबूत असेल तर ती स्वतःच मोठे संरक्षण आहे.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या प्रसूतीविषयक शिफारशींमध्ये स्पष्ट म्हटले आहे, की बाळंतपणाआधी सरसकट केस काढू नयेत. काढायचे की नाही, हे त्या बाईने ठरवायचे, दवाखान्याने नाही.

सिझेरियन असेल तर? तेव्हाही घरून ब्लेड मारून जायचे नाही. चिरा घ्यायच्या जागी केस आड येत असतील तर ते क्लिपर नावाच्या यंत्राने वरच्या वर कापतात, तेही शस्त्रक्रियेच्या वेळी. ऑपरेशनसाठी रेझर वापरूच नये, असे याच संघटनेने 2016 मध्ये सांगितले आहे. सिझेरियनची तारीख मिळाली असेल तर निदान आठवडाभर आधीपासून त्या भागाला ब्लेड, क्रीम, वॅक्स काहीच लावू नका.

केस म्हणजे घाण नव्हे

गरोदरपणात अंगातली संप्रेरके बदलतात. त्यामुळे पोटाच्या मध्यरेषेवर, हनुवटीवर, ओठांवर, स्तनाग्रांभोवती केस वाढू शकतात. हा आजार नाही. बाळंतपणानंतर साधारण सहा महिन्यांत ते बहुतेक कमी होतात. मात्र चेहऱ्यावर दाट केस फार झपाट्याने आले आणि आवाजही घोगरा झाला, तर डॉक्टरांना दाखवा.

पोटावर केस आले म्हणजे मुलगाच होणार, असे वस्तीत आजही बोलले जाते. केसांचा आणि बाळाच्या लिंगाचा काहीही संबंध नाही. अशा बोलण्यातून मुलीच्या आईवर आधीपासूनच डाग लागतो. ते बंद करा.

खालची स्वच्छता केसांवर नाही, धुण्यावर अवलंबून असते. रोज साध्या पाण्याने बाहेरून धुवा. संडासनंतर पुढून मागे धुवा. कोरडे करा, सुती चड्डी घाला, ती उन्हात वाळवा. आत साबण किंवा जंतुनाशक घालू नका.

तरी काढायचेच असतील तर

काहींना केस वाढले की घाम येतो, खाज सुटते, बरे वाटत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बायांना कोपीवर आंघोळीची धड जागा नसते, त्यांना हा त्रास जास्त. हौस म्हणून हातापायांचे केस काढणाऱ्याही आहेत. त्यात गैर काही नाही. फक्त रीत सांभाळा.

कात्री सगळ्यात चांगली. बोथट टोकाची छोटी कात्री साबणाने धुवून घ्या. केस मुळापासून नाही, थोडे ठेवून कापा. कातडीला धक्का लागत नाही, म्हणून जखम होत नाही.

रेझर वापरायचा तर स्वतःचा आणि नवा. नुसते पाते बोटांत धरून कधीही नाही. आधी कोमट पाण्याने धुवा, साबणाचा फेस करा, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवा. ओल्या मोरीत एका पायावर उभे राहू नका, गरोदरपणात तोल लवकर जातो. पाट किंवा स्टूल घेऊन बसा, समोर आरसा ठेवा. जे दिसत नाही, तिथे ब्लेड नको. नंतर झोंबणारे काही लावू नका, गार पाण्याने धुवून कोरडे करा. ब्लेडने केस जाड होतात हा गैरसमज आहे. टोक बोथट कापले जाते, म्हणून ते खरखरीत लागतात.

क्रीम वापरायची सवय असेल तर हातापायांवर चालेल. पण गरोदरपणात कातडी नाजूक होते. आधी चालणारे क्रीमही आता आग करू शकते. मुदत बघा. हातावर थोडेसे लावून, धुवून, एक दिवस थांबा. लाली आली नाही तरच पुढे. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, दार-खिडकी उघडी ठेवा. योनीच्या जवळच्या नाजूक भागाला ते लावू नका.

वॅक्सिंग हातापायांना चालते, पण फार गरम नको. पायांच्या शिरा फुगल्या असतील, तर त्यांवर अजिबात नको. खालच्या भागात या दिवसांत रक्तपुरवठा वाढलेला असतो, तिथे वॅक्सने फार दुखते आणि कातडी सोलते. भुवयांचे, ओठांवरचे थ्रेडिंग करायला हरकत नाही. दोरा नवा असावा, करणारीने हात धुतलेले असावेत. लेझर आणि विजेच्या सुईने केस काढणे बाळंतपणानंतरवर ढकला. पोटातल्या बाळावर त्यांचा काय परिणाम होतो, याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही.

दोन गोष्टी घरात नकोतच

पहिली, बाजारात पुडीत मिळणारी केस काढायची स्वस्त पावडर. अशा काही पावडरींमध्ये बेरियम सल्फाइड असते. ते पोटात गेले तर विष आहे. रक्तातले पोटॅशियम एकदम उतरते, हातपाय लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात, जीव जाऊ शकतो. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी अशा विषबाधेच्या नोंदी केल्या आहेत. एका खोलीच्या घरात ही पुडी पिठाच्या, मिठाच्या डब्यांशेजारीच राहते आणि लेकरांच्या हाती लागते. कोणाच्या पोटात गेलीच, तर ओकारी काढत घरी बसू नका. पुडी सोबत घ्या, 108 ला फोन करा, दवाखाना गाठा.

दुसरी, एकमेकांचे ब्लेड. घरात एकच रेझर, त्यानेच नवऱ्याची दाढी, त्यानेच बायकोचे केस, असे चालते. रक्ताचा न दिसणारा थेंबही हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पोचवू शकतो. हिपॅटायटिस बी आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जाऊ शकतो. म्हणून गरोदरपणात रक्ताच्या तपासण्या करून घ्या आणि जन्मल्यावर 24 तासांच्या आत बाळाला हिपॅटायटिस बी ची लस मिळाली का, ते विचारा. भावांनो, हे तुमच्यासाठीही आहे. तुमचे ब्लेड तुमच्यापाशी ठेवा.

लाज बाजूला ठेवून दवाखान्यात कधी जायचे?

कापलेली जागा लाल, गरम, सुजलेली झाली, पू आला, गळू झाले, ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली, तर त्याच दिवशी दाखवा. गळू दाबून फोडू नका. खाली पाण्याचे फोड किंवा दुखरे चट्टे उठले, तर ते ब्लेडचे असतील असे धरून बसू नका. काही फोडांचा संसर्ग बाळंतपणात बाळाला होतो, म्हणून डॉक्टरांनी ते कळांआधीच पाहायला हवेत. साखरेचा आजार असेल, तर छोटी जखमही दाखवा. आशाताईला सांगा, किंवा दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे विचारा.

वस्तरा ज्यांच्या हातात

दवाखान्यात कोणी केस काढायला आले, तर एवढेच म्हणा, "सिस्टर, मला केस काढायचे नाहीत. टाके घालायला अडचण आली तर तेवढेच कात्रीने कापा." घाबरत असाल, तर हे वाक्य सोबतच्या बाईकडून पाठ करून घ्या. कळा देताना बाईला बोलायचे भान नसते, तेव्हा सोबतीणच तिचा आवाज असते.

आणि आमच्या नर्स बहिणींना एक आठवण. 1890 मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे मुंडण आपण करणार नाही, असे त्यांनी ठरवले. जुलमाची रीत त्यांनी सुरू केली नव्हती, पण वस्तरा त्यांच्या हातात होता, म्हणून तो खाली ठेवणेही त्यांच्याच हातात होते. प्रसूती कक्षातला रेझर आपल्या हातात आहे.

त्या दिवशी बैठक संपली तेव्हा सासूबाईंनीच पिशवीतून ब्लेड काढले. "मग याच्या जागी काय ठेवू?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "बाळासाठी एक टोपडं ठेवा. आणि तुम्ही स्वतः सोबत जा."

त्या गेल्या. नातीच्या जन्मानंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, तिथं एकजण बोलली. मी म्हणलं, आम्हाला माहिती आहे, गरज नाही. मग गप बसली."

जय भीम.