अठरा दिवसांचा कायदा
सिंगापूरच्या गृह खात्याचे मुख्यालय नोव्हेना भागात, इरावडी रोडवरच्या न्यू फिनिक्स पार्कमध्ये आहे. २५ एप्रिल २०२५ रोजी, मतदानाला आठवडा उरला असताना, या खात्याने आणि तिथल्या निवडणूक खात्याने जाहीर केले, की परदेशी व्यक्तींच्या काही फेसबुक पोस्ट देशात दिसू नयेत असा आदेश मेटाला दिला आहे. धर्माच्या नावावर मते वळवण्याचा तो प्रयत्न होता, असे सरकारचे म्हणणे. परदेशी माणसाने ऑनलाइन निवडणूक प्रचार करायचा नाही, हा तिथला कायदा. म्हणजे पोस्ट टाकणारा कोण आणि ती प्रचार आहे का, एवढेच ठरवायचे. कोण बोलले हे तपासता येते. जे बोलले ते खरे की खोटे, हा निवाडा फार निराळा. सरकारने पहिले काम जरूर करावे, दुसऱ्यापासून लांब राहावे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सिंगापूरच्या संसदेने केलेला कायदा याच पहिल्या जातीचा आहे. उमेदवार जे बोलला नाही, ते तो बोलतोय असे हुबेहूब भासवणारी बनावट चित्रफीत किंवा ध्वनिफीत पसरवायला बंदी, तीही निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदान संपेपर्यंत. २०२५ मध्ये हा काळ १५ एप्रिल ते ३ मे असा होता, महाभारत युद्धाइतकाच! उमेदवार तक्रारीसोबत फीत बनावट असल्याची घोषणा करतो. ती जाणूनबुजून खोटी केली तर त्याच्यावरच शेकते. व्यंगचित्राला धक्का नाही. आपल्याकडे, महाराष्ट्रात, २०२४ च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या रात्री सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने ध्वनिफिती फिरल्या. हा आवाज आपला नाही, अशी तक्रार सुळेंनी केली, पण सकाळी मतदान सुरू होणार होते. निवडणूक आयोगाने बनावट मजकूर तीन तासांत काढा असे पक्षांना मे महिन्यातच बजावले होते. मात्र जो पक्ष पसरवतो त्यानेच काढायचा, ही त्यातली गोम.

सिंगापूरचा २०१९ चा कायदा मात्र दुसऱ्या जातीचा. त्यात एखादे विधान खोटे असल्याचे मंत्रीच ठरवतो आणि दुरुस्ती छापायला लावतो. दाद मागायची तर आधी त्याच मंत्र्याकडे, मग न्यायालयात. आणि विधान खोटे नाही हे दाखवण्याचा भार विधान करणाऱ्यावर, असे तिथल्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवले. समर्थक म्हणतात, न्यायालयाचा निकाल येईपर्यंत अफवा गावभर होते आणि मूळ मजकूर बहुधा पुसला जात नाही, फक्त दुरुस्ती जोडावी लागते. घाईचा मुद्दा खरा आहे. निवडणुकीच्या काळात हा अधिकार मंत्र्यांऐवजी वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे जातो, म्हणजे अडचण कुठे आहे हे सरकारलाही कळते. पण तो अधिकारी निकालानंतर कोणाच्या हाताखाली जाणार? केंद्र सरकारविषयीच्या बातम्यांची सत्यता सरकारी कक्षाने ठरवावी, हा आपल्याकडचा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तो अशाच कारणांनी.

बनावट आवाजावरच्या बंदीतून पुष्कळ काही निसटते, हा आक्षेप मला मान्य आहे. घरच्यांच्या, मित्रांच्या बंद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला सिंगापूरनेही वगळले आहे. शिवाय ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचा आवाज त्याचा स्वतःचाच होता, आणि अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता.